लीडरकडे बघायचं, जमिनीकडे नाही

भोपाळमधल्या करोंदला राहणाऱ्या आमच्या आत्याला विमानांचं कौतुक नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला भोपाळच्या बड्या तलावावर वायुदलाच्या ९१व्या वर्धापनदिनाच्या हवाई कसरती झाल्या, तेव्हा निम्मं शहर व्हीआयपी रोडवर लोटलं होतं. आत्या घरी मेथी निवडत बसली. बापूदादा मात्र त्या दिवसासाठी मुद्दाम नागपूरहून आला होता. तो वायुदलात एअरफ्रेम फिटर होता. वायुदलाच्या ‘सूर्यकिरण’ या कसरती करणाऱ्या पथकाचा तळ असलेल्या बिदरला त्याने काही वर्षं काढली आणि वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाला. बिदर म्हटलं की तो आधी सांगतो, की उदगीर तिथून जवळ आणि बाजारात मराठीत बोललं तरी कुणाचं अडत नाही. मग विमानांवर येतो.

अशा कसरती असाव्यात की नसाव्यात, यावर या दोघांत कित्येक वर्षं वाद चालू आहे. तो मिटावा असं दोघांनाही वाटत नसावं. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले आणि वादाला पुन्हा धार चढली. पण दोघं फिरून फिरून येतात ते येलहंक्याच्या अपघातावर, म्हणून तो आधी सांगतो.

१९ फेब्रुवारी २०१९. बंगळूरजवळच्या येलहंका तळावर दुसऱ्या दिवशी ‘एरो इंडिया’ या विमानप्रदर्शनाचं उद्घाटन व्हायचं होतं. दुपार होण्याच्या सुमारास सूर्यकिरण पथकाचा सराव चालू असताना दोन हॉक विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. दोन विमानांत मिळून तीन वैमानिक होते. विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले. विंग कमांडर साहिल गांधी गेले. मलबा वस्तीच्या बाजूला पडला, जमिनीवरचा एक माणूस जखमी झाल्याच्याही बातम्या आल्या.

शेळके हे आडनाव ऐकताच आमच्या घरातला पहिला प्रश्न होता, ‘कुठले हे?’ भोपाळमध्ये जन्म गेला तरी मराठी माणसाची ही खोड जात नाही. आत्याने वेगळंच विचारलं. एका विमानात दोघं होते, दुसऱ्यात एकच. मग दोघं सुटले आणि एकटा कसा अडकला? बापूदादा वायुदलातला म्हणून प्रश्न त्याला केला होता. तो म्हणाला, चौकशीत निघेल.

परवाच्या खेपेला बोलणं तिथूनच सुरू झालं.

आत्या : निघालं का रे तुझ्या चौकशीत?

बापू : निघालंच असेल. कोर्ट ऑफ इन्क्वायरी होतेच. त्याशिवाय पथक पुन्हा उडत नाही.

आत्या : तुला दाखवलं?

बापू : मला कशाला दाखवतील? मी निवृत्त माणूस. ते आतलं असतं.

आत्या : बरं, ते राहू दे. आधी मला सांग, त्या माणसाचं काम काय होतं? लढाई नव्हती, पूर नव्हता, कुठल्या छपरावरून कुणाला उचलून आणायचं नव्हतं. उद्या पाहुणे येणार म्हणून आज सराव, आणि सरावात माणूस गेला.

बापू : विमान उडवणं हेच त्याचं काम. जवळ जवळ उडणं ही सूर्यकिरणवाल्यांनी काढलेली हौस नाही आत्या. प्रत्येक लढाऊ वैमानिक हे शिकतोच. समज, एखाद्याची उपकरणं बंद पडली, रेडिओ गेला, खाली ढग आहेत. त्याला घरी कसं आणायचं? दुसरं विमान त्याच्या शेजारी जातं, तो त्याच्या पंखाला नजर लावून ढगातून खाली येतो. हवेत इंधन भरतात ते काय लांबून भरतात? टँकरच्या मागे जाऊन चिकटावंच लागतं.

आत्या : उलटं होऊन भरतात? धूर सोडत?

बापू : नाही.

आत्या : मग ते निराळं आणि हे निराळं. ते तू मला सांगू नकोस.

बापूदादा थोडा हसला. हा वार त्याला ओळखीचा आहे. त्याने चहा बाजूला ठेवला आणि टेबलावरच्या दोन बिस्किटांची विमानं केली. निवृत्त तंत्रज्ञ माणसं समोर जे सापडेल त्याची विमानं करतात.

बापू : लोकांना वाटतं पाच मीटरवर उडतात म्हणजे मरणाच्या दारात उडतात. तसं नसतं. एक्स्प्रेसवेवर दोन बस शेजारी शेजारी एकाच वेगाने चालल्या, तर एका बसमधल्याला दुसरी उभीच दिसते ना? तसंच हे. विमानं ताशी सहाशेने जात असतील, पण एकमेकांच्या हिशेबात ती जवळपास स्थिर असतात. भीती वेगाची नाही, सरकण्याची आहे. लीडरच्या शेजारून उडणारा विंगमन सेकंदाला एक मीटर आत सरकत असेल तर त्याच्याजवळ पाच सेकंद आहेत. पाच सेकंद पुष्कळ झाले. थ्रॉटल जराशी मागे, नाक एवढंसं बाहेर, झालं. पण तोच सेकंदाला पाच मीटरने आत येत असेल, तर एकच सेकंद उरतो.

आत्या : आणि समोरून येणारे? ते एकमेकांच्या अंगावर येतात आणि शेवटी चुकवतात, ते?

बापू : हां, तिथे बसचा हिशेब चालत नाही. दोघं सहाशेने समोरासमोर आले की ताशी बाराशे. म्हणजे सेकंदाला तीनशे तेहतीस मीटर. एक किलोमीटर तीन सेकंदांत संपतं. तिथे आधी ठरलेली रेषा, ठरलेली उंची आणि ठरलेली वेळ हेच खरं. ऐन वेळी सुचून काही होत नाही.

हे सगळं बापूदादा ज्या गोडीने सांगतो ती लिहिण्यात उतरत नाही. विंगमनला लीडरच्या विमानावर दोन खुणा दिलेल्या असतात. पंखाचं टोक अमुक जागेच्या रेषेत दिसलं की तो बरोबर जागी आहे. लीडर काय करणार हे रेडिओवर एका ठराविक लयीत बोलतो, वळायच्या आधी आवाज लांबवतो, आणि बाकीच्यांचे हात त्या लयीवर हलतात. नवा वैमानिक आला की आधी दोनच विमानं, मग तीन, तीही उंचावर. खाली यायला पुष्कळ दिवस जातात. आणि उड्डाणानंतर डीब्रीफ. व्हिडिओ लावून प्रत्येकाची चूक सगळ्यांसमोर, लीडरचीही. बापूदादाच्या मते वायुदलातली सगळ्यांत लोकशाही जागा ती.

आत्याला यातलं एकच वाक्य लागलं.

आत्या : म्हणजे बाकीचे फक्त लीडरकडे बघतात?

बापू : फक्त.

आत्या : खाली नाही बघत?

बापू : बघायचं नसतं. खाली बघितलं की जागा सुटते, आणि जागा सुटली की शेजारच्याला धोका. जमीन, क्षितिज, उंची, हे सगळं लीडरने बघायचं. विंगमनने लीडरकडे बघायचं, जमिनीकडे नाही.

आत्या : आणि लीडरच चुकला तर?

या प्रश्नाचं उत्तर बापूदादाने लपवलं नाही, याबद्दल मी त्याला मानतो. १८ जानेवारी १९८२ ला अमेरिकेच्या वायुदलाचं ‘थंडरबर्ड्स’ पथक नेवाडाच्या वाळवंटात सराव करत होतं. चार टी-३८ विमानं एका ओळीत, शेजारी शेजारी, वर चढून उलटी होऊन लूप पूर्ण करून खाली येत होती. लीडरच्या विमानाच्या शेपटीकडचा आडवा पंख, ज्याच्यावर नाक वर ओढणं अवलंबून असतं, तो अडकला असं चौकशीत ठरलं. लीडरचं विमान वेळेत वर आलं नाही. बाकीची तीन विमानं ठणठणीत होती. तीही त्याच्याबरोबर जमिनीत गेली. चार वैमानिक, चौघेही मेले.

आत्या : तिघांची विमानं धड होती आणि तरी मेले.

बापू : हो.

आत्या : आणि हे तू मला कौतुकाने सांगतोस.

बापू : कौतुकाने नाही. पण हेही खरं की त्यांनी जे करायचं तेच केलं. त्यांनी जागा सोडली असती तर इतर हजार उड्डाणांत एकमेकांवर आदळले असते. विश्वास नियमाने ठेवावा लागतो आत्या, रोज नव्याने विचार करून नाही.

आत्या : विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. ज्याच्यावर ठेवला त्याच्याकडे बघणारा कुणी होता का, एवढंच विचारते.

माझ्या मते इथे आत्याने वादाची मूळ जागा पकडली, पण तिला ते तेव्हा कळलं नसावं, कारण ती लगेच दुसरीकडे वळली. तिचा दुसरा मुद्दा खर्चाचा, म्हणजे माणसांच्या खर्चाचा. तिने नातवाला मोबाइलवर शोधायला लावून यादीच करून ठेवली आहे. १९९६ मध्ये बिदरला सूर्यकिरण उभं राहिलं, किरण विमानांवर. १८ मार्च २००६ ला बिदरजवळच सराव करताना विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंदर सिंग गेले. २१ जानेवारी २००९ ला विंग कमांडर धालीवाल. या दोन्ही एकेकट्या विमानाच्या दुर्घटना, टक्कर नव्हे, असं बापूदादा प्रत्येक वेळी दुरुस्त करतो. नौदलाचं ‘सागर पवन’ पथकही किरणवरच उडायचं, गोव्याहून. ३ मार्च २०१० ला हैदराबादच्या बेगमपेटला प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी त्यांचं विमान इमारतीवर कोसळलं, दोन अधिकारी गेले. आणि यादीत सर्वांत वर ती गोव्याचं १ ऑक्टोबर २००२ ठेवते.

आत्या : ते तर कसरतीचं विमानही नव्हतं.

बापू : नाही. आयएल-३८. समुद्रावर टेहळणी करणारी चार इंजिनांची मोठी विमानं.

आत्या : आणि कशाला उडत होती?

बापू : स्क्वाड्रनला पंचवीस वर्षं झाली होती. १९७७ ची स्थापना, त्याच तारखेची.

आत्या : वाढदिवस.

बापू : रौप्यमहोत्सव.

आत्या : तेच. दाबोळीच्या डोक्यावर दोन्ही विमानं एकमेकांना लागली, आतले बाराच्या बारा गेले, खाली होते त्यांतलेही गेले. वाढदिवसाला बारा माणसं! आणि तू म्हणतोस ढगातून उतरायला उपयोगी पडतं.

बापूदादाने यावर मोरेनाचं उदाहरण काढलं. मला वाटतं त्याच्या बाजूचं सर्वांत वजनदार तेच आहे, आणि आमच्या मध्य प्रदेशातलंच आहे. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून उडालेली सुखोई-३० आणि मिराज २००० सरावात एकमेकांवर आदळली. सुखोईतले दोघं सुटले. मिराजमध्ये विंग कमांडर हनुमंतराव सारथी एकटे होते, ते गेले. मूळ बेळगावचे. मलबा मोरेना जिल्ह्यात पडला, काही भाग तर पार राजस्थानात भरतपूरकडे. तिथे प्रेक्षक नव्हते, धूर नव्हता, पाहुणे नव्हते. ते लढाईचं शिक्षण होतं, ज्याला आत्यासुद्धा नाही म्हणत नाही.

बापू : मग आता काय म्हणशील? टक्कर प्रदर्शनामुळे होत नाही. विमानं जवळ आली की धोका असतो, आणि जवळ न येता वायुदल चालत नाही. उलट मी म्हणेन, जवळ उडण्याची विद्या सगळ्यांत चांगली कुठे सांभाळली जाते तर अशा पथकात. तिथले वैमानिक दोन-तीन वर्षांनी आपापल्या स्क्वाड्रनमध्ये परत जातात, शिकवतात.

आत्या : मग २०११ मध्ये बंद का केलं?

बापू : बंद नाही, थांबवलं.

आत्या : सहा वर्षं थांबवलं त्याला मी बंदच म्हणते. का थांबवलं ते सांग ना याला. मला माहीत आहे, याला सांग.

बापूदादाने माझ्याकडे न बघता सांगितलं. नव्या पोरांना पहिलं उड्डाण शिकवणारं एचपीटी-३२ विमान अपघातांमुळे २००९ मध्ये जमिनीवर आणावं लागलं. शिकवायला विमानं उरली नाहीत, म्हणून किरणांवर ते ओझं आलं, आणि फेब्रुवारी २०११ च्या एरो इंडियानंतर सूर्यकिरणची विमानं शिक्षणासाठी काढून घेतली. पथक पुन्हा रीतसर उभं राहिलं ते २०१७ मध्ये, हॉकवर.

आत्या : म्हणजे गरज पडली तेव्हा वायुदलानेच ठरवलं की आधी शिक्षण, मग कसरती. बरोबर ठरवलं. आणि त्या सहा वर्षांत आपल्या वैमानिकांना ढगातून उतरता येईनासं झालं होतं का?

बापू : नाही.

आत्या : मग?

बापू : मग असं, की ज्यांच्यावाचून चालतं त्या सगळ्याच गोष्टी बंद केल्या तर काय उरेल? त्या सहा वर्षांत कुठल्या पोराने मान वर करून नऊ विमानं एका बाणात बघितली नाहीत. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा. विमान म्हणजे काय ते मी पेपरात बघत होतो. भरतीला गेलो कारण एकदा पुण्यात डोक्यावरून फॉर्मेशन गेलं. याचं तू काय करशील? याची किंमत कुठल्या रकान्यात मांडतात?

आत्या : जाहिरातीच्या.

बापू : बरं, जाहिरात. सैन्याला जाहिरात नको?

आत्या : असू दे. पण मग जाहिरात म्हणा. शौर्य म्हणू नका. जाहिरात म्हटली की माणूस विचारतो, एवढ्यासाठी किती धोका घ्यायचा? शौर्य म्हटलं की तो प्रश्नच बंद होतो.

इथे मी बोललो. म्हटलं, ज्याने धोका घेतला त्याने तो राजीखुशीने घेतला. सूर्यकिरणमध्ये कुणाला ढकलून नेत नाहीत, वैमानिक स्वतः मागून जातात, बरेच नाकारले जातात. स्वतःच्या जिवाचं काय करायचं हे ठरवायचा हक्क त्यांना आहे. एव्हरेस्टवर जाणाऱ्याला आपण अडवतो का?

आत्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं ती सहसा बापूदादाकडे बघत नाही.

ती आज करोंदला राहते, पण चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात छोल्याच्या बाजूला राहत होती. बैरसिया रोडने गावाकडे यायला लागलं की युनियन कार्बाइडचा कारखाना लागतो, तिथून ते घर लांब नव्हतं. २ डिसेंबरच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला, तेव्हा खालच्या वस्तीतल्या माणसांना कशावर सही करायला कुणी सांगितलं नव्हतं. हमीदिया इस्पितळात आणलेल्या माणसांना कोणता वायू लागला हे तिथल्या डॉक्टरांनाही त्या रात्री कुणी नीट सांगितलं नाही. आज करोंदमध्ये गॅसपीडितांसाठी भोपाळ मेमोरियल इस्पितळ आहे, आत्याचे फुप्फुसांचे कागद तिथेच आहेत. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा उचलून पिथमपूरकडे नेला तो जानेवारी २०२५ उजाडताना. चाळीस वर्षांनी.

आत्या : राजीखुशीने म्हणालास ना? वरच्याने राजीखुशीने घेतला असेल. मी त्याला हात जोडते. येलहंक्यात ज्याच्या घराजवळ विमान पडलं, त्याला कुणी विचारलं होतं?

बापू : आत्या, कार्बाइड आणि वायुदल एका तागडीत घालू नकोस. मला ते लागतं.

आत्या : नाही घालत. कार्बाइडने आम्हाला माणूस समजलं नाही. वायुदल समजतं, हे मला माहीत आहे. म्हणून तर वायुदलाला विचारते. त्यांना विचारून उपयोग नव्हता.

बापू : पण नियम आहेत. १९८८ मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटलीचं पथक आदळलं. तीन विमानं एकमेकांना लागली आणि एक जळतं विमान सरळ गर्दीत गेलं. सत्तर माणसं गेली, वैमानिक धरून. त्यानंतर युरोपात प्रेक्षकांची रेषा मागे गेली, प्रेक्षकांच्या दिशेने येत कसरत करायची नाही असं ठरलं. आपल्याकडेही लोक आणि विमानं यांत अंतर राखतात. तलावावर का करतात हे सगळं? खाली पाणी असतं म्हणून.

आत्या : तलावावर करतात हे शहाणपणाचं. मी नाही म्हणत नाही. पण सत्तर मेल्यावर रेषा मागे गेली.

बापू : सगळ्याच रेषा तशाच मागे जातात.

हे वाक्य बापूदादाने बचावासाठी टाकलं, पण ते दोघांनाही सारखंच लागू पडलं. काही क्षण कुणी बोललं नाही. मग त्याने चेन्नई काढली. ६ ऑक्टोबर २०२४ ला मरीना किनाऱ्यावर वायुदलाच्या कसरती झाल्या, लाखोंची गर्दी उन्हात उभी राहिली आणि पाच माणसं गेली. वरून एक स्क्रूसुद्धा पडला नव्हता. त्याचं म्हणणं असं, की लोक आकाशाला भितात आणि मरतात पाण्यावाचून, सावलीवाचून, गर्दीत. आत्याने हे निमूट ऐकून घेतलं. ते तिला पटलं असावं, कारण तिने विषय बदलला. तिला पटलं की ती विषय बदलते.

आत्या : तू विमानावर सही करायचास ना रे?

बापू : फॉर्म ७००. प्रत्येक विमानाचा असतो. काय तपासलं, काय बदललं, कुणी केलं, कुणी बघितलं. एअरफ्रेमवाल्याची सही, इंजिनवाल्याची सही, सगळ्यांच्या झाल्या की शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. त्याशिवाय चाक हलत नाही. सकाळी आम्ही धावपट्टीवर ओळीने चालत खडे वेचायचो. एक खडा इंजिनात गेला तर संपलं. कुठली पाना-पक्कड घेतली, परत आली का, याचाही हिशेब. एक पाना कमी भरला तर विमान उडत नाही, तो सापडेपर्यंत सगळे थांबतात.

आत्या : बघ. उडायच्या आधी एका पान्याचा एवढा हिशेब. आणि माणूस पडल्यावर?

बापू : पडल्यावरही असतो. तुला वाटतं त्यापेक्षा कडक असतो.

आत्या : असेल. पण तो मला दिसत नाही. त्याच्या बायकोला, आईला दिसतो का, तेही मला माहीत नाही. त्या कविता गाडगीळ, त्यांचं काय झालं होतं?

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला सुरतगडहून मिग-२१ घेऊन उडाले आणि गेले. दोष वैमानिकाचाच हे त्यांच्या आईवडिलांना पटलं नाही. वडील स्वतः वायुदलात विमानं उडवलेले. आईने, म्हणजे कविता गाडगीळांनी, वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, मिगच्या अवस्थेवर जाहीर प्रश्न विचारले. त्यातूनच पुढे त्यांच्या मुलाच्या नावाने विमानसुरक्षेचं काम करणारी संस्था उभी राहिली. एका मराठी घराने आपल्या मुलाच्या मरणाचा कागद मागणं म्हणजे देशद्रोह नव्हे, हे त्या बाईंनी वायुदलालाही ऐकवलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही.

बापूदादा या प्रकरणात नेहमी सावध बोलतो.

बापू : त्या बाईंबद्दल मला आदर आहे. पण आत्या, चौकशीचा कागद बाहेर पडणार असं कळलं की आतला माणूस खरं बोलायचा थांबतो. डीब्रीफमध्ये लीडर आपली चूक सांगतो कारण ती भिंतीबाहेर जाणार नाही हे त्याला माहीत असतं. उद्या तीच चूक टीव्हीवर चार माणसं ओरडून सांगणार असतील, तर तो बोलेल? आणि तो बोलला नाही तर पुढचा मरेल. गुपित ठेवणं म्हणजे नेहमी लपवणं नसतं.

आत्या : हे तू बरं बोललास.

बापू : मग?

आत्या : मग इंग्रज कसं करतात?

याचं उत्तर नातवाने काढलं होतं. आत्याने त्याला ते आधीच वाचायला लावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. २३ मार्च २०१० ला ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ पथकाची दोन हॉक विमानं ग्रीसच्या क्रीट बेटावर सरावात एकमेकांना लागली. तीही हॉकच, हंगामाआधीचा सरावच, फक्त ती जोडी समोरासमोरून येणारी. एक वैमानिक इजेक्ट होऊन जखमी झाला, दुसऱ्याने विमान उतरवलं. त्याचा चौकशी अहवाल सरकारने प्रसिद्ध केला. कोणीही वाचावा. साक्षींतला काही मजकूर गाळतात, पण कारणं, शिफारशी आणि कुठे काय कमी पडलं ते बाहेर येतं. रेड ॲरोज अजून उडतात. त्यांचे वैमानिक बोलायचे थांबले असते, तर ते एव्हाना दिसलं असतं.

बापूदादाने बिस्किटातलं एक विमान खाऊन टाकलं.

बापू : तिथे लोकांना वाचायची सवय आहे.

आत्या : आम्हाला फुप्फुसाचे रिपोर्ट वाचायची सवय नव्हती. लागली.

बापू : सगळा अहवाल नाही देता येणार. माहितीच्या अधिकारात मागितला तरी सुरक्षेचं कलम पुढे करतील, आणि काही ठिकाणी ते बरोबरही असेल. पण कारण काय, पुढे काय बदललं, हे दोन पानांत देता येईल. त्यात कुणाचं गुपित जात नाही. हे मी आधीही म्हणालो असतो, तू विचारलं असतंस तर.

आत्या : विचारत नव्हते तर काय करत होते इतकी वर्षं?

बापू : तू बंद करा म्हणत होतीस.

आत्या : ते अजूनही म्हणते. वाढदिवसाला विमानं उडवू नका. युद्धाचं शिका, पुराचं शिका, उपकरणं बंद पडली तर कसं उतरवायचं ते शिका. नऊ विमानांचा बाण मला नको. पण उडवणारच असतील, तर विंगमनने लीडरकडे बघावं, आणि लीडरकडे कुणी बघितलं ते आम्हाला दोन पानांत सांगावं.

बापू : आम्हाला म्हणजे? घरच्यांना आधी. साहिल गांधींच्या घरी आधी जायला पाहिजे तो कागद. मग स्क्वाड्रनला. मग जगाला.

आत्या : आणि येलहंक्याच्या वस्तीला?

बापू : त्यांना जगाबरोबर.

आत्या : नाही. विमान त्यांच्याकडे पडलं. घरच्यांच्या मागोमाग त्यांना. स्क्वाड्रनच्या आधी.

बापू : स्क्वाड्रनच्या आधी कसं? उद्या सकाळी उडायचंय स्क्वाड्रनला. त्यांना कळलं नाही तर दुसरा पडेल.

आत्या : मग दोघांना एकाच दिवशी. सकाळी त्यांना, संध्याकाळी वस्तीला. पत्ता काही अवघड नाही, मलबा उचलायला गेले होते तिथेच जायचं.